बिऱ्हाड पाठीवर : सुप्याच्या माळावरील मुक्कामांचा इतिहास

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहसा कौतुकाने वापरत नाही. जमीन, वाडा आणि सातबाऱ्यावरचे नाव यांतच प्रतिष्ठा मानणाऱ्या समाजाने फिरस्त्यांविषयी काढलेला तो उद्गार आहे. त्यात थोडी कीव आहे आणि थोडी हेटाळणीही. मात्र हेच बिऱ्हाड गादी, शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचकूप घेऊन चार चाकांवर चढले, की त्याला ‘कॅराव्हॅन’ म्हणतात आणि कीव जाऊन तिथे हौस येते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. राहण्याची सोय असलेली वाहने आणि ती उभी करण्यासाठी सोयींनी युक्त अशी ‘कॅराव्हॅन पार्क’, अशा दोन कल्पना त्यात आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांकडून स्टेट पार्कच्या झाडीत गाडी उभी करून घालवलेल्या सुट्ट्यांची वर्णने आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत. आता तसे काही इथेही करता येईल, असे वाटू लागले आहे.

आम्ही काही सहकाऱ्यांनी असाच एक बेत आखावयास घेतला. पुण्याहून सुमारे ७० किलोमीटरवर, बारामती तालुक्यातील सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथून मोरगाव, बारामती, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ आणि अखेरीस भिगवणजवळचा उजनीचा काठ, अशी ती आखणी होती. अशा प्रवासाचे नियोजन करताना चार प्रश्न टाळता येत नाहीत. पाणी कोठले, जागा कोणाची, परवानगी कोणाची आणि आपल्या सोयीसाठी राबणार कोण? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यावर लक्षात आले, की या माळावर मुक्काम ठोकणारे आपण पहिले नाही. शतकानुशतके येथे तळ पडत आणि उठत आले आहेत, आणि प्रत्येक तळाने हे चार प्रश्न आपापल्या रीतीने सोडवले आहेत. त्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच बऱ्याच अंशी या भूमीचा इतिहास होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. तात्पुरत्या वस्तीसाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे! ‘मुक्काम’ अरबीतून आला. ‘बिऱ्हाड’चे नाते कानडीतील ‘बिडार’शी सांगितले जाते. ‘छावणी’मध्ये छावणे, म्हणजे शाकारणे आहे, पावसाळ्यात मोहीम थांबवून लष्कर छपराखाली राही, ती छावणी. सरदाराचा डेरा, शिलेदाराची राहुटी, भटक्यांचे पाल, धनगरांचा वाडा, ऊसतोड कामगारांची कोपी हे सारे शब्द एकाच गरजेचे आहेत. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कोण उतरला आहे हे कळल्यावाचून कोणता शब्द वापरायचा ते मराठी माणसाला ठरवता येत नाही. तात्पुरत्या निवाऱ्यालाही आपल्या भाषेत जात, वर्ग आणि ऋतू चिकटलेले आहेत.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथे येईतो थकलेला असतो. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, मधून कऱ्हा, आणि या नद्यांच्या दरम्यान उथळ मुरमाड मातीचे उंचवटे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे व चाकण यांच्या जोडीने सुपे आणि इंदापूर हे परगणे होते, आणि शिवाजीराजांनी १६५६ साली संभाजी मोहिते या सावत्र मामांकडून सुपे ताब्यात घेतले, एवढे आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासाला ठाऊक असते. परंतु या परगण्यांच्या पांढरीत आणि काळ्या रानात जसा इतिहास घडला, तसाच तो माळावरही घडला. त्याची दफ्तरे मात्र ठेवली गेली नाहीत.

माळावरचा सर्वांत जुना मुक्काम धनगरांचा. धनगरांच्या ‘वाड्या’ला भिंती नसतात. घोड्यांच्या पाठीवरून उतरवलेला संसार, जाळीचे कुंपण, आत कोकरे आणि भोवती राखणीची कुत्री, एवढ्यावर वाडा उभा राहतो. पावसाळ्यात मेंढ्या या कोरड्या माळावर असतात, कारण ओल मेंढीला मानवत नाही. दिवाळीच्या सुमारास अनेक वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि मृगापूर्वी परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंडीमुताने जमीन खतवायची आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. आपल्या चारही प्रश्नांचे उत्तर येथे परस्परांच्या गरजेतून येते. जागा दुसऱ्याची खरी, पण उतरणारा तिला काही देऊन जातो. यजमान त्याची वाट पाहत असतो. राबणेही स्वतःचेच, आणि त्यातील मोठा वाटा बायकांचा. तळ उठवणे, घोड्यांवर संसार लादणे, पुढच्या जागी चूल मांडणे ही त्यांचीच कामे.

या मुक्कामाचे साहित्य मौखिक आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या आणि दैवतकथा आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून त्यातील काही भाग ग्रंथांत आला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या केंद्रस्थानी असलेल्या देवाचा पत्ताच एका अर्थाने वाड्यावर निघाला. विठ्ठलाकडे जाणारी एक मोठी वाट याच माळावरून जाते, हे त्या दृष्टीने लक्षणीय आहे. तिच्याकडे पुढे वळूच.

दुसरा मुक्काम साहेबाचा. मुंबई इलाख्यातील जिल्हाधिकारी आणि त्याचे साहाय्यक हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. सोयीसाठी पुष्कळदा तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाड्यांवरून पुढच्या गावी जाऊन उभा राही. फिरत्या घराची ही इतकी पक्की व्यवस्था ज्यांच्या श्रमांवर चाले, त्यांचे तिच्याशी नाते मात्र निराळे होते. गवत, सरपण, दूध, कोंबड्या यांची सरबराई गावाने करावयाची आणि सामान वाहण्याचे, निरोप पोचवण्याचे, राखणीचे काम महारांच्या वतनी सेवेत मोडायचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे या अमर्याद राबणुकीचा अनुभव होता. दौऱ्याच्या आठवणींत कनातीबाहेरच्या चांदण्याचे वर्णन येते; लाकडाच्या मोळीखाली वाकलेल्या माणसाचे क्वचित येते.

इंदापूरच्या दृष्टीने यांतला एक तंबू फार निर्णायक ठरला. कंपनी सरकारच्या काळात पुणे जिल्ह्यात प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून शेतसारा ठरवला होता. कागदावर शास्त्रीय दिसणारी ती आकारणी प्रत्यक्षात पेलवेना. शेते ओस पडू लागली, कुळे गावे सोडू लागली. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या तीस वर्षांच्या मुदतीच्या जमाबंदीची ही सुरुवात होय. शेताला ‘सर्व्हे नंबर’ मिळाला. मातीचा रंग, तिची खोली आणि तिच्यातील दोष पाहून तिची किंमत आण्यांत ठरू लागली. सारा कमी झाला, लागवड वाढली, हे श्रेय त्या दोघांना द्यावयास हवे.

परंतु त्या मोजणीने आणखी एक गोष्ट केली, आणि तिची चर्चा आपल्याकडे कमी होते. जमिनीकडे पाहण्याचा एकच निकष तिने पक्का केला, तो म्हणजे नांगराचा. नांगराखाली येते ती जमीन आणि येत नाही ती पडीक. शेताच्या पोटातल्या नापीक तुकड्याला ‘पोटखराब’ हा शब्द मिळाला, आणि तो आजही सातबाऱ्यावर जिवंत आहे. नांगराला निरुपयोगी असलेल्या मुरमाड माळावर मेंढरे जगतात, लांडगा-चिंकारा नांदतात, पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढते, या गोष्टींना त्या प्रतवारीत रकानाच नव्हता. माळ पूर्वीही कोणी पिकवत नव्हते. पण सरकारी कागदांत तो आता ‘रिकामा’ ठरला. स्वतंत्र भारतातही हीच दृष्टी टिकली. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि पुढे उपग्रहाच्या साहाय्याने पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले, तेव्हा देशातले बरेचसे गवताळ प्रदेश त्यांत जाऊन बसले. गवत काढून झाडे लावणे हे सत्कृत्य मानले गेले, त्याची मुळेही येथेच आहेत.

नांगरावर ठेवलेल्या या भिस्तीचा हिशेब सुप्यातच चुकता झाला. इंदापूरची पहिली मुदत संपल्यावर १८६७ साली फेरआकारणीत सारा वाढवण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती. सारा रोखीने भरावयाचा, आणि रोकड सावकाराकडे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावाचा हा आरंभ. माणसांवर हल्ले फारसे झाले नाहीत. रोख कागदांवर होता. जमिनीचे कागदात झालेले रूपांतर ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी त्या कागदाला दिलेले हे उत्तर होते. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. आज अभयारण्याकडे जाणारा पर्यटक या बाजारपेठेच्या गावातून बहुधा चहा पिऊन पुढे जातो.

तिसरा मुक्काम वैष्णवांचा. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्यास आरंभ केला, अशी परंपरा आहे. देहूहून निघणाऱ्या या पालखीचे मुक्काम उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातात. आपल्या साहित्यातली वारीची दोन ख्यातनाम चित्रणे, इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४), ही ज्ञानोबांच्या पालखीची आहेत. ती वाट नीरेपलीकडून, फलटणकडून जाते. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या वाटेला साहित्यात त्या मानाने कमी जागा मिळाली.

फिरत्या तळाच्या नियोजनाचा याहून मोठा वस्तुपाठ महाराष्ट्रात नसेल. दिंडीचा ट्रक राहुट्या, भांडी आणि शिधा घेऊन पुढे जातो. वारकरी पायी पोचेतो राहुट्या उभ्या राहिलेल्या आणि चुली पेटलेल्या असतात. साहेबाच्या दोन तंबूंची युक्ती येथेही आहे, परंतु श्रमांचा हिशेब वेगळा आहे. पाणी, जेवण, ओसरी गाव देते, आणि ती सरबराई सक्तीची नसून पुण्याची असते. काटेवाडीत पालखीपुढे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीला अश्वांचे गोल रिंगण होते. ज्या मेंढरांना जमाबंदीच्या कागदात जागा नव्हती, ती येथे देवाला प्रदक्षिणा घालतात. अर्थात वारीचे सारेच गोड मानण्याचे कारण नाही. लाखोंच्या मुक्कामानंतर गावात उरणारा कचरा, स्वच्छतागृहांची टंचाई, टँकरच्या पाण्यावरचा ताण हे प्रश्न खरे आहेत. तरीही ‘आपण पाहुणे आहोत’ ही जाणीव त्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

चौथा मुक्काम आपल्याला दिसतो, पण आपण तो पाहत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात काम सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात या भागात खेळू लागले. पुढे ऊस आला आणि सहकारी साखर कारखाने आले. मोरोपंतांना आश्रय देणारी नाईकांची बारामती ऊस आणि कारखान्यांची बारामती झाली. गळीत हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पाचट, बांबू आणि ताडपत्री यांची कोपी म्हणजे घर. पाणी कालव्याचे किंवा मिळेल तिथले, जागा कारखान्याची किंवा रस्त्याकडेची, परवानगी मुकादमाच्या हाती, आणि राबणे? राबण्यासाठीच तर हा मुक्काम. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा हा काळ, म्हणजे नेमका पर्यटनाचा हंगाम. स्वतःचे शौचकूप घेऊन फिरणारी गाडी आणि शौचकूप नसलेल्या कोप्यांची रांग एकाच रस्त्यावर, एकाच महिन्यात समोरासमोर येतात.

काही बिऱ्हाडे तर कायमचीच उठवली गेली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेकाठची गावे पाण्याखाली नेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि छायाचित्रकारांची गर्दी होते. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. हे दृश्य रमणीय आहे यात शंका नाही. पण त्या पाण्यातून होडी चालते तेव्हा खाली कोणाची तरी शेते आहेत, हेही सहलीच्या माहितीपत्रकात यावयास हवे.

आता अभयारण्याकडे वळू. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव त्याला मिळाले. क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. मुख्य प्राणी चिंकारा. पडीक ठरवलेल्या माळाच्या एका तुकड्याला प्रथमच मोल मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पुढे २०२४ साली वन विभागाने बारामती व इंदापूर तालुक्यांतील गवताळ प्रदेशांत, कडबनवाडीच्या परिसरासह, सफारी सुरू केली. गवताळ प्रदेश पाहण्याजोगा असतो, ही मान्यता मिळायला आपल्याकडे एवढी वर्षे लागली.

मात्र संरक्षणाचा इतिहास इतरत्र कसा घडला, याचे भान ठेवावे लागते. १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने योसेमिटीचे खोरे संरक्षणासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाले; अमेरिकेतील स्टेट पार्कच्या कल्पनेचा तो उगम समजला जातो. परंतु त्याआधी, १८५१ साली, सशस्त्र तुकडी पाठवून तेथील मूळ रहिवाशांना हुसकावण्याची मोहीम झाली होती. ज्या ‘निर्मनुष्य’ निसर्गात आज गाड्या उभ्या राहतात, तो निर्मनुष्य केला गेला होता. आपल्याकडे तसे घडले नाही. तथापि अभयारण्य म्हटले की चराईवर बंधने येतातच, आणि मेंढपाळ हा घुसखोर व पर्यटक हा पाहुणा, अशी वाटणी व्हायला फार वेळ लागत नाही. वस्तुस्थिती अशी, की चिंकाऱ्याचा आणि लांडग्याचा वावर त्या पाच चौरस किलोमीटरांत मावत नाही. तो भोवतीच्या गायरानांवर आणि मुरमाड रानांवर अवलंबून आहे, आणि येथला लांडगा बऱ्याच अंशी मेंढरांवर जगतो. ज्याचे नुकसान होते, त्या मेंढपाळाच्या सोशिकपणावर हा माळ टिकला आहे. त्याला वगळून माळ राखता येणार नाही.

या सर्व विवेचनाचा आमच्या बेतावर काय परिणाम झाला? एक तर, ऋतू ठरला. पावसाळ्यात माळ हिरवा आणि मोहक दिसतो, पण टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. गवतावर चाक घालण्याचा मोह तेव्हा सर्वांत घातक. म्हणून हिवाळा निवडला. दुसरे, गाडी माळावर कोठेही उभी करायची नाही असे ठरले. अभयारण्यात आणि सफारीच्या क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीने, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या वाटेने जायचे. रात्रीचा मुक्काम गावात, एखाद्या कुटुंबाच्या अंगणालगत, रीतसर मोबदला देऊन करायचा. तिसरे, पाणी घरून टाकी भरून न्यायचे आणि मैलापाणी परत आणायचे. टँकरवर जगणाऱ्या गावात आपली टाकी भरून घेणे शोभत नाही. चौथे, वाटेत वाडा आडवा आला तर गाडी थांबवायची, दिवे मंद करायचे आणि मेंढरे जाऊ द्यायची. वाट त्यांची आहे.

या गोष्टी किरकोळ वाटतील. परंतु १८३५ च्या तंबूतून माळाकडे पाहणाऱ्या नजरेला तो रिकामा दिसला, आणि एका शब्दातून पुढच्या दीडशे वर्षांची धोरणे निघाली. आज कॅराव्हॅनच्या खिडकीतून पाहणारी नजरही तितकीच उंचावरून, तितक्याच सोयीतून पाहत असते. तिला मोकळी हवा हवी असते, म्हणून तिला मोकळी जागा दिसते. इतिहासाच्या अभ्यासाने एवढे तरी साधावे, की सुप्याच्या माळावर उतरताना ‘येथे कोणीच नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. धनगराचा वाडा दिवाळीनंतर उठतो, वारीचा तळ आषाढात एका रात्रीत उठतो, कोप्या उन्हाळ्यात मोडतात. जागा मोकळी दिसते, कारण कोणी तरी नुकतेच उठून गेलेले असते आणि कोणी तरी अजून यावयाचे असते.